ओव्हाळ सूत्र

डॉ. अंजली ओव्हाळचा तो शोधनिबंध छापून आला तेव्हा कुणी त्याची दखल घेतली नव्हती. तशी तिची अपेक्षाही नव्हती. चिंचवडच्या पुढच्या एका खाजगी मेडिकल कॉलेजात ती तेव्हा फिजिऑलॉजी शिकवायची, आणि तिथल्या नव्या शिक्षकांचे निबंध बढतीच्या फायलीत जाऊन पडायचे ते कायमचेच. तिचाही पडला. फरक इतकाच, की तिने तो टेबलाशी बसून जुळवला नव्हता.

भोसरीच्या फाउंड्र्यांत राबणाऱ्या माणसांची फुप्फुसं कितपत चालतात, हा तिचा प्रश्न होता आणि तो घरातूनच आला होता. तिचे वडील कोंडीराम यांची सगळी नोकरी लोखंड ओतायच्या साच्यांपाशी गेली. त्यांच्या ओळखीवरच तिचा अभ्यास उभा राहिला. गुरुवारी कंपन्यांना सुट्टी. त्या दिवशी अंजली स्पायरोमीटर, म्हणजे एका दमात माणूस किती हवा बाहेर टाकतो ते मोजायचं यंत्र, स्कूटरवर पायांपाशी ठेवून वस्तीतल्या विहारात जायची. कोंडीराम आपल्या शिफ्टमधल्या एकेकाला दंडाला धरून आणायचे. "पोरीचा अभ्यास हाय. फकस्त फुंकायचं," असं म्हणायचे. माणसं हसत-लाजत यायची, नळी तोंडात धरून फुंकायची, चहा पिऊन जायची. दोन वर्षं हे चाललं.

त्या मोजमापांतून अंजलीने एक सूत्र काढलं. अमुक वयाचा, अमुक उंचीचा फाउंड्री कामगार साधारण किती हवा बाहेर टाकेल, ते त्यातून कळायचं. साच्यांच्या वाळूच्या खात्यात नुकसान जास्त की भट्टीपाशी, हे ताडून बघायला तिला ते हवं होतं. निबंधाच्या शेवटच्या परिच्छेदात तिने साफ लिहिलं होतं, की ही मापं धुळीत काम केलेल्यांची आहेत. एखादा माणूस निरोगी आहे की नाही हे ठरवायला ती वापरू नयेत.

काही वर्षं शांततेत गेली. मग अचानक दुसऱ्यांच्या निबंधांत त्याचे संदर्भ वाढायला लागले. आधी गुजरातेतल्या कुणी दिला, मग कोइमतूरच्या, मग बांगलादेशातल्या एका चमूने. बघता बघता कॉलेजातल्या सगळ्या विभागांत मिळून सर्वांत जास्त संदर्भ मिळालेला निबंध फिजिऑलॉजीच्या डॉ. ओव्हाळांचा ठरला. कॉलेजच्या मानांकनाला त्याचा उपयोग झाला. डीननी गेटवर तिच्या फोटोचा फ्लेक्स लावला. कोंडीराम वस्तीतून दोन बस बदलून तो बघायला आले आणि वॉचमनकडून त्याच्यासमोर स्वतःचा फोटो काढून घेऊन गेले. प्राध्यापकपदाची जागा निघाली तेव्हा ती कुणाला मिळणार याबद्दल स्टाफरूममध्ये फारशी चर्चा झाली नाही.

लोक निबंध का वाचायला लागले, हा प्रश्न अंजलीला पडला नव्हता असं नाही. पण चांगल्या गोष्टीची कारणं कुणी फार खोदत बसत नाही. तिनेही खोदली नाहीत.

मुलाखतीला आठेक महिने असताना तिला ज्योतीरामचा फोन आला. ज्योतीराम तिचा जुना विद्यार्थी. आता तो पिंपरीत महापालिकेच्या हॉस्पिटलात छातीच्या विकारांची ओपीडी बघायचा.

"मॅडम, जरा येऊन जाता का? एक पेशंट आहे. फोनवर सांगण्यासारखं नाही."

"क्रिटिकल आहे का?"

"तसं नाही. तुमच्या संबंधातलं आहे."

ती दुपारी गेली. ओपीडीची गर्दी ओसरली होती. ज्योतीरामच्या खोलीत एक पस्तिशीतला माणूस खुर्चीत पुढे वाकून, गुडघ्यांवर हात टेकून बसला होता. शेजारी त्याची बायको, पिशवी मांडीवर घेऊन. तो समाधान, मूळचा परभणीकडचा, आता चाकणजवळ खराबवाडीत भाड्याने राहणारा. एका कास्टिंगच्या कंपनीत ओतलेल्या भागांवरची वाळू ग्राइंडरने घासून काढायचं त्याचं काम. बायकोचं नाव विजयश्री.

"दोन वर्षं झाले, दम लागायलाय," समाधान म्हणाला. बोलताना तो मध्येच थांबायचा, जणू पुढचा शब्द कुठून तरी आणायचा आहे. "स्टोअरला बदली द्या म्हणालो. कंपनीनं टेस्ट केली. नॉर्मल आली."

"नॉर्मल माणूस जिन्यात बसतो का हो, म्याडम?" विजयश्री म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता. ती खरोखरच विचारत होती. "आमची खोली दुसऱ्या माळ्यावर हाय. ह्यांना मधी दोनदा बसाय लागतंय. शेजारचे म्हणतेत, नाटकं करायलाय, ग्राइंडर नको म्हणून."

ज्योतीरामने कॉम्प्युटरचा पडदा अंजलीकडे वळवला. "आमच्याकडे नवं मशीन आलंय. कंपनीतही हेच आहे. बघा, मी यांना सकाळी फुंकायला लावलं. हा नेहमीच्या मापाने निकाल." पडद्यावर लाल पट्टी होती. समाधानची फुप्फुसं जितकी चालायला हवीत त्याच्या दोनतृतीयांशच चालत होती. "आता मी फक्त माप बदलतो. फुंक तीच, आकडे तेच." त्याने यादीतला दुसरा पर्याय निवडला. पट्टी हिरवी झाली. खाली निकाल आला, नॉर्मल. पर्यायाचं नाव होतं: औद्योगिक कामगार, ओव्हाळ.

खरं सांगायचं तर पहिल्या क्षणी अंजलीला बरं वाटलं. परदेशात बनलेल्या यंत्रात आपलं आडनाव आहे, हे तिला माहीत नव्हतं. तो क्षण फार टिकला नाही. संदर्भ का वाढत होते ते तिला त्या पडद्यासमोर उभ्या उभ्या कळलं. यंत्र बनवणाऱ्यांनी तिचं सूत्र उचलून आत घातलं होतं, आणि यंत्र वापरणारा प्रत्येक जण निबंध लिहिताना तिचं नाव देत होता.

"ते ओव्हाळ म्हणजे तुमीच का?" विजयश्रीने विचारलं.

"हो."

अंजली स्टूल ओढून समाधानसमोर बसली आणि तिने त्याला समजावून सांगितलं. माणूस बरा की आजारी हे ठरवायचं तर त्याची तुलना कुणाशी तरी करावी लागते. समाधानची तुलना ज्यांच्याशी झाली, ते सगळे वर्षानुवर्षं धुळीत राबलेले होते. त्यांचाच दम कमी होता. म्हणून समाधानचाही कमी दम यंत्राला कमी वाटला नाही.

समाधानने ऐकून घेतलं. "म्हणजे त्या लोकांत मी नॉर्मल हाय."

"हो."

"आन् ते लोक कसे हायेत आता?"

त्यातल्या कितीतरी जणांच्या मयताला कोंडीराम जाऊन आले होते.

दोन दिवसांनी ती चाकणला त्या कंपनीत गेली. तिथला डॉक्टर मध्यमवयीन होता, तिच्याशी अदबीने वागला, चहा मागवला. तिचं नाव कळल्यावर उठून उभासुद्धा राहिला.

"मॅडम, मी हे मनाने थोडंच करतो? मशीनवाल्यांनी सांगितलं, कामगारांसाठी हा पर्याय वापरा. पेपर छापलेला आहे, मोठ्या जर्नलमध्ये आहे."

"शेवटचा परिच्छेद वाचलात का?"

"कुठला?"

तिने पिशवीतून निबंध काढून बोट ठेवलं. त्याने चष्मा वर करून वाचलं, पुन्हा वाचलं.

"हे मशीनमध्ये येत नाही," तो म्हणाला. "आणि एक सांगू? आमच्याकडे सहाशे माणसं आहेत. नेहमीच्या मापाने निम्म्या ग्राइंडिंगला लाल पट्टी येईल. तितकी माणसं मी कुठल्या स्टोअरला पाठवू? मॅनेजमेंट मला विचारेल, डॉक्टर, कालपर्यंत सगळे नॉर्मल होते ना? तुम्ही लेखी काहीतरी छापून आणा. मग मला बोलायला तोंड राहील. तुम्ही इथे येऊन सांगितलं, एवढं पुरणार नाही."

तो वाईट माणूस नव्हता, आणि बोलला ते चूकही नव्हतं. अंजली परत निघाली तेव्हा चाकण चौकात ट्रेलरची रांग लागली होती. त्या रांगेत रिक्षात बसल्या बसल्या तिने काय करायचं ते ठरवलं. निबंध मागे घेण्यात अर्थ नव्हता, कारण त्यात खोटं काही नव्हतं. दुसरा निबंध लिहायला हवा होता. ज्यांनी कधी धूळ खाल्ली नाही अशी त्याच वस्त्यांतली, तसंच खाणंपिणं असलेली माणसं घ्यायची, मोजायची, आणि फरक दाखवायचा. म्हणजे आपल्या सगळ्यांत गाजलेल्या कामावर आपणच काट मारायची.

डीनना तिने आधीच सांगितलं. त्यांनी खिडकीचा पडदा सारखा केला, मग बसले.

"ओव्हाळ मॅडम, करा तुम्ही. तुम्हाला अडवणारा मी कोण. पण मुलाखत होऊ द्या ना. कमिटीसमोर तुमचा सगळ्यात मोठा मुद्दा हाच पेपर आहे."

"मुलाखतीपर्यंत आठ महिने आहेत, सर. तोवर ते मशीन रोज कुणाला तरी नॉर्मल म्हणत राहणार."

"आणि आठ महिन्यांनंतर म्हणणार नाही का? छापून यायलाच वर्ष जाईल."

हेही खरं होतं. तरी ती थांबली नाही.

घरी सांगणं अवघड गेलं. कोंडीराम आता लेकीकडेच राहत होते, चऱ्होलीच्या नव्या सोसायटीत, लिफ्टजवळच्या फ्लॅटमध्ये. फ्लॅट बघतानाच त्यांनी लिफ्टची अट घातली होती. त्यांनी ऐकलं आणि बराच वेळ टीव्हीचा आवाज कमी-जास्त करत बसले.

"त्यात मारुतराव हाय," शेवटी ते म्हणाले. "इस्माईल हाय. आमचा सगळा सेकंड शिफ्ट हाय. त्यांचं नाव कुठं छापलं न्हाई, पर ती हायेत त्यात. अमेरिकेत वाचत्यात लोक. तू आता म्हणणार ते खोटं हाय?"

"खोटं नाही, आबा."

"मग?"

"ते आजारी होते. आजारी माणसांच्या मापाने लोक दुसऱ्यांना धडधाकट ठरवतायत. एवढंच लिहायचंय."

"आजारी न्हवती ती. कामाला येत व्हती रोज."

"हो. रोज येत होते."

त्या दिवशी त्यांनी जेवण खोलीत मागवून घेतलं. चार दिवस ते तिच्याशी कामापुरतंच बोलले. पाचव्या दिवशी ती कॉलेजला निघाली असताना ते दारापाशी येऊन उभे राहिले.

"मी बी त्यात हाय न्हवं?"

"आहात."

"मग मला बी आजारी लिही. आन् धूळ न खाल्लेली माणसं कुठनं आणणार तू? तुला कोण वळखतंय वस्तीत आता?"

पुढचे दोन महिने अंजलीने सुट्टीचा एकेक दिवस त्यात घातला. कोंडीराम पुढे, ती मागे. पिंपरी कॅम्पातल्या कापडाच्या दुकानांतले सेल्समन, वस्तीतले शिंपी, बसचे कंडक्टर, शाळेतले शिपाई, देहूरोडला लष्कराच्या ऑफिसात कारकुनी करून निवृत्त झालेले दोघे भाऊ. कोंडीरामांना आता लांब चालवत नव्हतं. ते दुकानाच्या पायरीवर बसायचे आणि तिथूनच माणसाला हाक मारायचे. "राव, जरा इकडं या. पोरीचं काम हाय." ती आता पन्नाशीला आली होती, पण वाक्य तेच होतं.

हिशेब बसला तेव्हा फरक तिच्या अंदाजापेक्षा मोठा निघाला. त्याच वस्तीतला, त्याच उंचीचा शिंपी किंवा कंडक्टर फाउंड्रीतल्या माणसापेक्षा कितीतरी जास्त हवा बाहेर टाकत होता. पुस्तकातल्या नेहमीच्या मापाच्या जवळपास. म्हणजे आपल्या लोकांची फुप्फुसंच लहान, ही सबब कुणाला उरत नव्हती. धूळ होती, बाकी काही नव्हतं.

निबंध पाठवला. तपासणाऱ्या तज्ज्ञांपैकी एकाने विचारलं, की लेखिका स्वतःच्याच कामाविरुद्ध इतकी आग्रही का आहे, काही व्यक्तिगत कारण आहे काय? अंजलीने दोन ओळींत उत्तर दिलं, की व्यक्तिगत कारण नाही, एक पेशंट आहे. ती दोन्ही वाक्यं पूर्ण खरी नव्हती, पण जर्नलला तेवढं पुरलं.

मुलाखत ठरल्या दिवशी झाली. तोवर निबंध स्वीकारल्याचं कळलं होतं, छापून यायचा होता. कमिटीत बाहेरून आलेले एक वयस्कर प्राध्यापक होते. त्यांनी तिची फाईल बारकाईने वाचली होती.

"तुमचा सर्वांत प्रभावी निबंध हा," ते म्हणाले. "आणि आता तुम्हीच म्हणता की त्याचा प्रभाव घातक आहे."

"हो सर."

"मग आम्ही तो तुमच्या जमेला धरायचा की नाही?"

"मोजमाप बरोबर आहे, सर. त्याचं लोकांनी काय केलं ते चूक आहे. प्रभाव म्हणून जे मोजलंय, ते बहुतेक सगळं त्या चुकीचंच आहे."

त्या प्राध्यापकांनी मान हलवली आणि पुढच्या प्रश्नावर गेले. जागा दुसऱ्या विभागातून अर्ज केलेल्या एका माणसाला मिळाली. त्याचे निबंध संख्येने जास्त होते आणि त्यांतल्या एकाचंही कुणी काही केलेलं नव्हतं. डीननी तिला बोलावून सांगितलं, पुढच्या वेळी नक्की. तिला वाईट वाटलं. आठवडाभर तिने स्टाफरूममध्ये डबा खाल्ला नाही, लॅबमध्येच खाल्ला. मग पुन्हा जायला लागली.

नवा निबंध छापून आला. त्याची प्रत घेऊन ती आणि ज्योतीराम दोघंही चाकणच्या त्या डॉक्टरकडे गेले. त्याने शब्द पाळला. समाधानची टेस्ट नेहमीच्या मापाने पुन्हा केली, मॅनेजमेंटपुढे निबंध ठेवला, आणि महिनाभरात समाधान स्टोअरला गेला. ग्राइंडिंगचे बाकीचे जिथल्या तिथे राहिले. त्यांच्यासाठी धूळ ओढणारे पंखे बसवायचं ठरलं, त्यांतले काही बसले. यंत्र बनवणाऱ्यांनी पुढच्या वर्षी सॉफ्टवेअर बदललं तेव्हा यादीतून ओव्हाळ हा पर्याय गेलेला होता. त्याबद्दल त्यांनी कुठे अवाक्षर काढलं नाही. जुनी यंत्रं अर्थात जुन्याच यादीवर चालत राहिली.

संदर्भांचं गणित मात्र चमत्कारिक झालं. नव्या निबंधाची फारशी कुणी आठवण ठेवली नाही. जुन्याचे संदर्भ चढतच राहिले, कारण तो वापरू नका असं सांगणाऱ्यालाही तोच संदर्भ द्यावा लागायचा. अंजलीने ते बघायचं बंद केलं. कोंडीराम अधूनमधून विचारायचे, "किती झालं गं?" ती सांगायची, "वाढलेत." त्यांना ते ऐकून बरं वाटायचं, आणि तिनेही त्यात दुरुस्ती केली नाही.

समाधानचा दम भरून आला नाही. फुप्फुसात बसलेली वाळू निघत नाही. पण पुढच्या तपासणीत आकडा आणखी खाली गेला नव्हता. विजयश्रीने खराबवाडीतली खोली सोडून तळमजल्यावरची एक अंधारी खोली घेतली आणि स्वतः एका पॅकिंगच्या कंपनीत लागली. तिने फोन करून अंजलीला हे सगळं सांगितलं, आणि सांगून झाल्यावर म्हणाली, "म्याडम, ह्यांच्या खात्यातले अजून लोक विचारायलेत. त्यांना पाठवू का तिकडं?"

"गुरुवारी पाठवा," अंजली म्हणाली.

तेव्हापासून ज्योतीरामने गुरुवारची दुपार कामगारांसाठी ठेवली आणि अंजली मदतीला जायला लागली. कॉलेजने तिला त्या वेळेची सूट दिली नाही. ती रजा टाकून जायची. येणारे बहुतेक ग्राइंडिंगचे, थोडे भट्टीवरचे. काहींना लाल पट्टी यायची आणि ते ती शांतपणे बघायचे, जणू ठाऊकच होतं. काही जण टेस्टला बसायचेच नाहीत, कागद हातात पडला तर कंपनीत दाखवावा लागेल म्हणून. त्यांना ती आग्रह करत नसे.

एका गुरुवारी एक तरुण आला. चाकणला समाधानच्या जुन्या खात्यात लागून जेमतेम वर्ष झालेलं. त्याने जोर लावून फुंकलं, आणि पट्टी हिरवी आली. ज्योतीराम म्हणाला, "तू नॉर्मल आहेस रे."

तरुण खुर्चीतून उठला नाही. त्याने अंजलीकडे बघितलं. "कुणाच्या मापानं?"

"शिंप्याच्या, कंडक्टरच्या," ती म्हणाली. "ज्यांनी धूळ खाल्ली नाही त्यांच्या."

त्याने थोडा विचार केला. "मग असंच राहायचं तर काय करू?"

"मास्क लाव, चांगला. आणि लवकरात लवकर दुसऱ्या खात्यात बदली माग."

"मास्क लावला तर सुपरवायझर हसतो, मॅडम."

"हसू दे."

तो उठला, दारापर्यंत गेला, आणि पुढच्या वर्षी कुठल्या गुरुवारी यायचं ते विचारायला परत आला. ज्योतीरामने त्याला तारीख लिहून दिली. अंजलीने नळीचं तोंडात धरायचं टोक बदललं आणि बाहेरच्या बाकावरच्या पुढच्या माणसाला आत बोलावलं.